दुप्पट अधिक एक : सोफी जर्मेन मूळ संख्यांची पार्श्वभूमी

२, ३, ५, ११, २३, २९, ४१, ५३, ८३, ८९. शंभराच्या आतल्या या दहा मूळ संख्यांची दुप्पट करून १ मिळवला की पुन्हा मूळ संख्याच हाती येते. ७ या यादीत नाही. त्याचे १५ होतात आणि १५ ला ३ ने भाग जातो.

ही अट कुणी गंमत म्हणून घातलेली नाही. ती फर्माच्या शेवटच्या प्रमेयाशी झुंजताना पुढे आली : घातांक दोनपेक्षा मोठा असेल, तर दोन धन पूर्ण संख्यांच्या घातांची बेरीज तिसऱ्या संख्येच्या त्याच घाताएवढी कधीच येत नाही.

सोफी जर्मेन यांचा जन्म १७७६ चा, पॅरिसचा. १७९४ मध्ये तिथे इकोल पॉलिटेक्निक सुरू झाले, पण स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांनी व्याख्यानांची टिपणे मिळवली आणि ‘मस्य ल ब्लां’ या पुरुषी नावाने आपले लेखन गणितज्ञ लाग्रांज यांच्याकडे पाठवले. १८०४ पासून जर्मन गणितज्ञ गाउस यांनाही त्या याच नावाने पत्रे लिहीत. फ्रेंच सैन्य गाउस यांच्या ब्राउनश्वाइग शहरात शिरले तेव्हा त्यांच्या जिवाच्या काळजीने जर्मेन यांनी ओळखीच्या सेनापतीला गळ घातली, आणि त्यातूनच खरे नाव उघड झाले. गाउस यांनी १८०७ मध्ये लिहिलेले उत्तर कौतुकाने भरलेले आहे. मला मात्र नावापेक्षा युक्ती मोठी वाटते.

५ घ्या; दुप्पट अधिक एक म्हणजे ११. कोणत्याही पूर्ण संख्येच्या पाचव्या घाताला ११ ने भागा, बाकी ०, १ किंवा १० एवढीच उरते. दोन पाचव्या घातांची बेरीज तिसऱ्या पाचव्या घाताएवढी यायची, तर या तुटपुंज्या बाक्यांत ते जमायला तिघांपैकी एकाला ११ ने भाग जावाच लागतो. इथून पुढे जात त्यांनी दाखवले की, अशा विषम मूळ घातांकासाठी उत्तर असलेच, तर तिघांपैकी एकाला त्या घातांकानेही भाग जायला हवा. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी याचे श्रेय त्यांना दिले, तेही तळटीपेत.

पुढे दिल्लीत जन्मलेले आणि रुडकीला शिकवलेले ॲलन कनिंगहॅम यांच्या नावाने अशा संख्यांच्या साखळ्या ओळखल्या जाऊ लागल्या : २, ५, ११, २३, ४७. पुढचा ९५, तिथे साखळी तुटते.

सोफी जर्मेन मूळ संख्यांची यादी अनंत आहे का, हे अजून सिद्ध झालेले नाही. तरी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे का हे ठरवण्याची पद्धत मांडली, तेव्हा या संख्या अपेक्षेइतक्या दाट असतील तर ती आणखी किती वेगवान ठरेल, याचे गणितही त्यांनी सोबत दिले.