आंबेनळी घाट

आंबेनळी घाट : रायगड जिल्ह्यातील पोलादपूर व सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर यांना जोडणारा सह्याद्रीतील घाटरस्ता. लांबी सुमारे ४० किमी. सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर या राज्यमार्गाचा हा पश्चिमेकडील भाग. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव ‘फिट्झगेराल्ड घाट’ असे येते.

मार्ग : चढण दोन टप्प्यांत आहे. पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्ग सोडला की रस्ता वळणे घेत वाडा कुंभरोशीपर्यंत चढतो. प्रतापगडाचा फाटा येथेच फुटतो. पुढे कोयनेच्या उगमाकडील खोऱ्याच्या कडेने, मेटतळेमार्गे तो महाबळेश्वरच्या पठारावर (सु. १,३७२ मी.) पोहोचतो.

नाव व काळ : ‘नळी’ म्हणजे डोंगरातील अरुंद, उभी घळ, त्यावरून आंबेनळी हे मूळचे पायवाटेचे नाव असावे. सर विल्यम फिट्झगेराल्ड हे १८६७–७२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते. त्यामुळे गाडीरस्त्याची आखणी त्या काळातील किंवा त्यानंतर लवकरचीच म्हणावी लागते.

त्याआधीची वाट वेगळी होती. महाबळेश्वरच्या पठारावरून पार गावात उतरणारी ती रडतोंडी, आणि पारवरून कोकणात जाणारा तो पारघाट. ही दोन नावे पुष्कळदा एकाच वाटेला लावली जातात, त्यातून घोटाळा होतो. इंग्रजी नोंदींतील ‘रोटुंडा’ हे रूप पाहून त्याचा संबंध गोल घुमटाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु ते रडतोंडीचेच अपभ्रष्ट रूप मानणे अधिक सयुक्तिक. चढणाऱ्याचे तोंड रडवेले करणारी वाट, हा अर्थ स्थानिकांना सांगावा लागत नाही. प्रतापगडाच्या भेटीसाठी (१० नोव्हेंबर १६५९) वाईहून आलेला अफझलखान पारला उतरला तो रडतोंडीनेच, असे मानले जाते. पारजवळ कोयनेवर जुना दगडी पूल आहे. तो शिवकालीन असल्याचे सांगतात.

१८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांनी वाईजवळील खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर इंग्रजांना दिले. नंतर मुंबईचे पाहुणे जलमार्गाने सावित्रीच्या खाडीतील दासगावपर्यंत येत आणि महाडवरून पारची चढण चढत. पठाराच्या कडेवरील ‘बॉम्बे पॉइंट’ हे नाव या जुन्या मुंबई रस्त्याचीच खूण. आज तेथे सूर्यास्त पाहायला गर्दी होते, रस्ता कोणी विचारत नाही.

पावसाळा : रस्त्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. भरदुपारी धुक्यात कठडा दिसत नाही. मोऱ्या तुंबल्या की पाणी रस्त्यावरून वाहते आणि डांबराखालचा भराव धुऊन नेते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून निघालेली सहलीची बस येथे दरीत कोसळली. त्यातील एकच जण वाचला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिमी. पाऊस झाला, घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळून रस्ता खचला व वाहतूक बंद पडली. अशा वेळी पोलादपूरच्या गाड्यांना महाबळेश्वर गाठण्यासाठी लांबचा वळसा घ्यावा लागतो.