तंबोऱ्याची जवारी बसते ती कुठे?

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुक झालं. पण तोच तंबोरा नाशिकच्या फ्लॅटमध्ये दोन-तीन पावसाळे काढून ‘बसला’, म्हणजे त्याची जवारी, तारेची ती गुंजणारी झणकार, मंदावली, की दोष जातो भोपळ्याला नाहीतर लाकडाला. बहुतेक वेळा बिघाड असतो घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखालच्या काही मिलिमीटरांत.

घोडीची पाठ सपाट दिसते, पण पुढे ती अगदी हलक्या उतारानं वळलेली असते. छेडलेली तार खाली येताना या वळणाला टेकत जाते, वर जाताना सुटत जाते. म्हणजे एकाच आंदोलनात तिची मोकळी लांबी बदलत राहते आणि मूळ स्वराची ऊर्जा वरच्या उपस्वरांत, म्हणजे त्याच्यासोबत उमटणाऱ्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या स्वरांत, वाटली जाते. तारेखालचा सुती दोरा तिला वळणापासून जेमतेम सुटी ठेवतो. आता नियम असा, की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर उमटायलाच नको, कारण त्यांचा निस्पंद बिंदू, म्हणजे तार न हलणारी जागा, नेमका तिथे असतो. भौतिकशास्त्रज्ञ चं. वें. (सी. व्ही.) रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं, की तंबोरा हा नियम जुमानत नाही. जे उपस्वर गैरहजर हवेत, तेही खणखणीत वाजतात.

या वळणाचा शत्रू म्हणजे गंज. पावसाळ्यातली दमट हवा आणि बोटांच्या घामातलं मीठ पोलादी तारेवर पडलं, की ती खडबडीत होते आणि कानशीसारखी घोडी घासते. खाच पडली की तार वळणावर टेकत-सुटत नाही, खाचेच्या काठाला अडते. मग दोरा कितीही सरकवा, जवारी बंदच. म्हणून रियाजानंतर कोरड्या सुती कापडानं तारा पुसाव्यात, घोडीजवळ जास्त. नखाला खरखर लागली की तार बदलावी, धातू आणि नंबर (जाडी) तोच ठेवून. चारही तारा एकदम उतरवू नयेत. घोडी चिकटवलेली नसेल तर जागची हलते. तार तुटणं हा काही अपशकुन नाही, खुंटीजवळच्या बाकात गंजलेल्या धातूला चीर गेलेली असते. घोडीला मात्र घरी पॉलिश पेपर लावू नये, ते काम कारागिराचं.

सुरात लावताना आधी खुंटी, मग तारेत ओवलेला मणी, शेवटी दोरा केसाकेसानं सरकवायचा आणि सूर पुन्हा तपासायचा. खुंटी घसरत असेल तर खडूची पूड, अडकत असेल तर कोरड्या साबणाचा एक हात. तेल कधीच नाही.

हिवाळ्यात दुखणं वेगळं. पहाटे दहा अंशांच्या आसपास लावलेल्या तंबोऱ्याचा सूर दुपारी अठ्ठावीस अंशांना उतरतो. मीटरभर पोलादी तार दहा अंशांनी तापली तर साधारण ०.१२ मिमी लांबते आणि ताण घटतो. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार पितळेची असते; पितळ याच्या दीडपट प्रसरण पावतं, शिवाय ही तार मुळात कमी ताणलेली असते. त्यामुळे खर्ज सर्वांत आधी ढळतो आणि तारांचं आपसातलं नातं बिघडतं.

भोपळा चुंबळीवर, म्हणजे कापडाच्या गोल वेटोळ्यावर, ठेवावा. पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीला तंबोरा टेकवू नये, प्लॅस्टिकच्या खोळीत कोंडू नये, की ओल काढायला उन्हातही ठेवू नये. तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, तडा जातो, सांधे सुटतात. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून सॅनिटायझरनं ओल्या हातांनी दांडीही धरू नये.