कृषी पदवीधर व्यवसायाकडे कसे वळले

कृषी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आज अळिंबीचे बेड भरायला, रोपवाटिका चालवायला, ट्रायकोडर्मा ही पिकांना रोगांपासून वाचवणारी उपयुक्त बुरशी तयार करून विकायला लावतात. जमाखर्च त्यांनीच ठेवायचा, नफ्यातला वाटाही त्यांना मिळतो आणि या कामावर गुण असतात. एका पिढीपूर्वी हे क्वचितच दिसले असते, कारण हे शिक्षण मुळात व्यावसायिक घडवण्यासाठी सुरूच झाले नव्हते.

१८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८०मध्ये प्रांतोप्रांती शेती खाते असावे, अशी शिफारस केली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८७९मध्येच शेतीचे वर्ग सुरू झाले होते. १९०७मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले आणि डॉ. हॅरॉल्ड मान त्याचे प्राचार्य झाले. सरकारला महसुलाची आणि शेती खात्याची कामे जाणणारी माणसे हवी होती, ती येथून मिळू लागली. शिकलेल्या मुलाने शेतीवर परत जावे अशी परिस्थितीही गावात नव्हती. मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१मध्ये ४० एकर होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे होत होते आणि त्यावर कर्जाचा बोजा होता. अशा घरातला मुलगा शिकून खात्यात लागला, तर घराला आधार व्हायचा.

स्वातंत्र्यानंतरही हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर पुढे चालले. राहुरीचे विद्यापीठ १९६८मध्ये स्थापन झाले, अकोल्याचे १९६९मध्ये, दापोली आणि परभणीची १९७२मध्ये. हरितक्रांतीचे दिवस होते. संकरित बियाणे, खते, नवी पीकपद्धत शेतकऱ्यापर्यंत न्यायला शिकलेली माणसे लागत होती. १९६९मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पीककर्ज वाटायला बँकांनाही कृषी अधिकारी हवे झाले. १९७६मध्ये महाबीज, म्हणजे राज्याचे बियाणे महामंडळ, आले. पदवी हाती पडली की नोकरी मिळते, हा विश्वास त्या काळातला आहे आणि तेव्हा तो खराही होता.

याच काळात, आणि त्याआधीही, महाराष्ट्रात शेतीवर आधारलेले मोठे उद्योग उभे राहिले. ते उभारले मात्र इतरांनी. १९०३मध्ये लोखंडी नांगर बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. १९६३मध्ये ७ हजार रुपयांवर केरोसीनचा व्यवसाय सुरू करून पुढे ठिबक सिंचनात शिरलेले जळगावचे भवरलाल जैन वाणिज्य आणि कायदा शिकले होते. १९६४मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांच्याकडेही कृषीची पदवी नव्हती. बियाणे, पाणी, अवजारे हे तीनही विषय कृषी महाविद्यालयात शिकवले जात होते. ज्ञान तिथे होते, पण धोका पत्करायची तयारी, बाजाराची नाडी आणि भांडवल या गोष्टी अभ्यासक्रमाबाहेर राहिल्या. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट हीच.

१९९०नंतर सरकारी भरती आटली आणि दुसरीकडे विनाअनुदानित महाविद्यालये वाढत गेली. दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना पुरतील एवढ्या जागा उरल्या नाहीत. तेव्हा केंद्राने एप्रिल २००२मध्ये कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आणली. प्रशिक्षण मोफत, हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेची देखरेख, नाबार्डमार्फत अनुदान. पुढे अनुदान सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के झाले. महाराष्ट्रातल्या मुलांनी या योजनेला उत्तम प्रतिसाद दिला. सांगलीच्या कृष्णा व्हॅली संस्थेसारख्या केंद्रांतून कितीतरी जण तयार झाले.

पदवीधराने माती-पाणी तपासावे, पिकावर सल्ला द्यावा आणि त्याची फी घ्यावी, अशी मूळ कल्पना होती. पण सल्ल्याचे पैसे द्यायची गावात पद्धत नव्हती. पैसे मिळायचे ते औषधाच्या बाटलीवर आणि खताच्या गोणीवर, त्यामुळे बरीच चिकित्सालये पाहता पाहता कृषी सेवा केंद्रे झाली. त्यात कमीपणा नाही. चांगला दुकानदार गावाचा मोठा आधार असतो. पण निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असला, की त्याच्या सचोटीवर फार काही अवलंबून राहते. कीटकनाशक विक्रेत्याला शिक्षणाची अट घालणारा नियम २०१५मध्ये आला. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे बळी गेले, तेव्हा दुकानात जाणकार माणूस का हवा, हे साऱ्या राज्याने पाहिले.

दुसरी वाट एकत्र येण्याची होती. कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीमुळे २००३पासून शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलेले नाशिकचे विलास शिंदे नोकरीच्या मागे न लागता शेतीत उतरले, कर्जात सापडले आणि २००४पासून द्राक्ष निर्यातीत स्थिरावू लागले. २०१०मध्ये रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि निर्यातदार हादरले. त्याच सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी उभी केली. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीचा तिचा पसारा पाहायला आज विद्यार्थ्यांच्या सहली जातात.

अभ्यासक्रम बदलायला वेळ लागला. ‘रावे’ या ग्रामीण कार्यानुभवाच्या कार्यक्रमातून कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणवले जाणारे विद्यार्थी गावात राहून बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवत होते, पण ते काम विस्ताराचे, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवण्याचे. कृषी शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या चौथ्या अधिष्ठाता समितीने २००७च्या सुमारास अनुभवाधारित शिक्षण आणले, २०१५मध्ये ‘स्टुडंट रेडी’ हा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा कार्यक्रम आला आणि हिशेबाची वही प्रथमच विद्यार्थ्याच्या हातात आली. २०१८-१९पासून ‘रफ्तार’ या केंद्राच्या योजनेत शेतीतल्या नवउद्योगांना कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली, अकोल्याचे विद्यापीठ आणि मुंबईची कापूस तंत्रज्ञान संस्था ही त्याची आपल्याकडची केंद्रे.

अडचण आता पुढच्या पायरीवर आहे. अनुदान मिळते, पण बहुधा कर्ज मंजूर झाल्यावर. आणि रक्कम मोठी असली की बँक तारण मागते. बावीस वर्षांच्या मुलाकडे स्वतःचे तारण कुठून असणार? सातबारा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो, त्यावर आधीच सोसायटीचा बोजा असतो. मुलींची अडचण याहून मोठी. ४४ टक्के अनुदान त्यांच्यासाठी आहे, वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि देशाने २००५मध्ये दिला आहे. तरी लग्नानंतर भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करायची रीत गावोगाव चालू आहे. कृषिकन्येच्या व्यवसायाचा प्रस्ताव बँकेत गेला, की त्याला जोडायच्या उताऱ्यावर तिचे नाव नसते.