डबल रोल आणि हमशकल पात्र यांतला फरक

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात यात्रेच्या रात्री तमाशाचा फड लागला की वगात राजा झालेला माणूस थोड्या वेळाने फेटा उतरवून, हातात काठी घेऊन हवालदार म्हणून परत येत असे. मघाचा राजाच आता हवालदार होऊन उभा आहे, अशी शंका ना प्रधानाला येई, ना गोणपाट अंथरून समोर बसलेल्या गावकऱ्यांना. त्याच गावात मारुतीच्या पारामागच्या गल्लीत दोन जुळे भाऊ राहत. धाकट्याने उधारीवर नेलेल्या तेलाचे पैसे किराणा दुकानदार थोरल्याकडे मागत असे, आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे लांबून येणाऱ्याकडे पाहून एकमेकांना विचारत, ‘हाऊ थोरला शे का धाकला?’

यांतली पहिली गोष्ट डबल रोलची आहे आणि दुसरी हमशकलची. दूरदर्शनच्या पडद्यावर, विशेषतः विनोदी मालिकांत, या दोन्ही गोष्टी इतक्या वेळा एकत्र आल्या आहेत की आपण दोहोंना ‘डबल रोल’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते हा फरक नीट ओळखला, तर नटाचे काम कुठे संपते आणि लेखकाचे कुठे सुरू होते, हे फार स्पष्ट दिसते.

डबल रोल ही नटासंबंधीची गोष्ट आहे. एका नटाने एकाच कलाकृतीत दोन पात्रे केली की डबल रोल झाला. ती पात्रे एकमेकांसारखी दिसतात की नाही, त्यांची भेट होते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. हमशकल ही कथेतली गोष्ट आहे. कथेतल्या माणसांना दोन व्यक्ती सारख्या दिसल्या पाहिजेत, त्यांनी फसले पाहिजे किंवा निदान चमकले पाहिजे. मग त्या व्यक्ती एका नटाने केल्या, दोघांनी केल्या की खऱ्या जुळ्यांनी केल्या, याने काही फरक पडत नाही. म्हणून आपण एकच विचारावे : हे दोन चेहरे सारखे आहेत हे कथेतल्या कोणाला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ते हमशकल. फक्त आपल्यालाच, म्हणजे प्रेक्षकांनाच ठाऊक असेल, तर तो नुसता डबल रोल.

रंगभूमीवर हा घोटाळा सहसा होत नसे. शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये जुळ्या मालकांची एक आणि जुळ्या नोकरांची एक अशा दोन जोड्या आहेत, आणि शेवटच्या प्रवेशात चौघांनाही एकाच वेळी रंगमंचावर यावे लागते. एक नट एका वेळी दोन ठिकाणी उभा राहू शकत नसल्यामुळे तिथे बहुधा दोन वेगवेगळे नट घेतात आणि सारखे कपडे घालून ते हुबेहूब दिसतात असे प्रेक्षकांनी मानून घ्यायचे, हा संकेत पाळतात. म्हणजे रंगमंचावर हमशकल असले की नट दोन, आणि नट एक असला की त्याची पात्रे एकमेकांसमोर येणार नाहीत, अशी सरळ वाटणी होती. कॅमेऱ्याने ती मोडली. त्याच नाटकावरून गुलजार यांनी १९८२ मध्ये ‘अंगूर’ केला, तेव्हा अशोक नावाचे दोन्ही मालक संजीवकुमार यांनी आणि बहादूर नावाचे दोन्ही नोकर देवेन वर्मा यांनी केले. तिथे डबल रोल आणि हमशकल एकमेकांत विरघळून गेले, आणि आपल्या डोळ्यांना तीच सवय लागली.

कॅमेरा हे कसे साधतो, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. जुनी पद्धत अशी की कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा, एक इंचही हलू द्यायचा नाही, आणि चौकटीच्या डाव्या अर्ध्या भागात नटीचे पहिले पात्र चित्रित करायचे. मग कपडे, केस, मेकअप बदलून तीच नटी उजव्या भागात दुसरे पात्र म्हणून उभी राहते आणि दोन अर्धे तुकडे नंतर जोडले जातात. जोडाची रेषा दाराच्या चौकटीवर, खांबावर किंवा सोफ्याच्या कडेला लपवतात. म्हणून अशा दृश्यांत दोन बहिणींच्या मधोमध एखादा खांब किंवा दार बहुतेक वेळा सापडतेच. त्या रेषेपलीकडे हात गेला की तो कापला जाणार, म्हणून टाळी देणे, मिठी मारणे, चहाचा कप पुढे करणे हे सगळे अवघड. नटीला समोर कोणी नसताना नेमक्या उंचीवर नजर रोखावी लागते आणि पहिल्या वेळी उत्तरासाठी जेवढी जागा सोडली असेल, तेवढ्याच जागेत दुसऱ्या वेळी आपले वाक्य बसवावे लागते. दुसरा मार्ग डमीचा. तशाच केसांची, तशाच बांध्याची दुसरी व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी करायची आणि तिच्या खांद्यावरून नटीचा चेहरा दाखवायचा. अमेरिकेत १९६३ ते १९६६ या काळात चाललेल्या ‘द पॅटी ड्यूक शो’ या मालिकेत पॅटी ड्यूक या किशोरवयीन अभिनेत्रीने पॅटी आणि कॅथी या दोन हुबेहूब चुलतबहिणी केल्या होत्या, आणि त्यात या दोन्ही युक्त्या वापरल्या गेल्या. चुलतबहिणी इतक्या सारख्या कशा, याचे उत्तरही कथेने दिले होते : त्यांचे वडील जुळे भाऊ.

या सगळ्यात मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेतल्या फीबी आणि अर्सुला यांचे, कारण तिथे आधी नुसता योगायोग होता आणि हमशकल नंतर जन्माला आले. लिसा कुड्रो या अभिनेत्री ‘मॅड अबाउट यू’ या १९९२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत अर्सुला नावाच्या विसराळू वेट्रेसचे काम करत होत्या. पुढे १९९४ मध्ये ‘फ्रेंड्स’ सुरू झाली आणि तिच्यात त्यांना फीबी मिळाली. एका अभिनेत्रीने दोन मालिकांत दोन पात्रे करणे यात विशेष काहीच नाही. आपल्याकडेही सात वाजता सून असलेली नटी साडेआठला दुसऱ्या वाहिनीवर वकील होते आणि कोणी हरकत घेत नाही. पण या दोन्ही मालिका एकाच वाहिनीवर होत्या आणि दोन्हींची कथा न्यूयॉर्क शहरातच घडत होती. तेव्हा लेखकांनी प्रेक्षकांची शंका दाबून न टाकता तिचीच कथा केली : फीबी आणि अर्सुला जुळ्या बहिणी आहेत. १९९५ मधल्या एका भागात ‘मॅड अबाउट यू’मधल्या दोन स्त्रिया ‘फ्रेंड्स’मधल्या कॉफीच्या दुकानात येतात आणि फीबीलाच अर्सुला समजून बसतात. तोवर जे केवळ पात्रयोजनेत होते, ते त्या क्षणी कथेतल्या माणसांच्या डोळ्यांत उतरले. दोन्ही बहिणी एकत्र असलेल्या दृश्यांसाठी पाठमोरी उभी राहणारी डमी म्हणून लिसा कुड्रो यांच्या सख्ख्या बहिणीनेच काम केले.

ही मालिका माझी भाची जळगावच्या घरी सुट्टीत पाहत असे, तेव्हा शेजारी वाल निवडत बसलेली आमची आजीही पडद्याकडे बघायची. तिला इंग्रजीचा गंध नव्हता आणि मजकुराच्या ओळी वाचण्याइतके तिला दिसतही नव्हते. एकदा अर्सुला पडद्यावर आली, भाची फीबी समजून हसू लागली, आणि आजी हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, ‘हाई ती नही, हाई दुसरी शे. हिना डोयामा माया नही.’ म्हणजे हिच्या डोळ्यांत माया नाही. चेहरा, आवाज, केस सगळे तेच असताना आजीने दोघी वेगळ्या ओळखल्या, आणि त्याही नेमक्या जिथे नटीने वेगळ्या ठेवल्या होत्या तिथेच. हमशकल करणाऱ्या नटाची खरी परीक्षा मला त्या दिवशी समजली. कथेतली माणसे फसली पाहिजेत, पण प्रेक्षक क्षणभरापेक्षा जास्त फसता कामा नये. कारण आपल्याला ठाऊक आहे आणि पडद्यावरच्याला ठाऊक नाही, या अंतरातच सगळा विनोद असतो. म्हणून नटाला इतका बारीक फरक दाखवावा लागतो की तो आपल्यापर्यंत पोहोचेल आणि समोरच्या पात्राला मात्र जाणवला नाही हेही खरे वाटेल.

हमशकल नसलेल्या डबल रोलमध्ये परीक्षा अगदी उलटी असते. दिलीप प्रभावळकर यांनी स्वतः लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ या नाटकात सहा भूमिका केल्या. ती सहा माणसे एकमेकांसारखी दिसतात असे त्या नाटकात कोणी म्हणत नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. तिथे नटाचे यश स्वतःला पुसून टाकण्यात आहे : मघाचा हाच का, असा प्रश्न प्रेक्षकाला मध्यंतरात पडावा. ब्रिटनच्या ‘द लीग ऑफ जेंटलमेन’ या मालिकेत तिघा नटांनी एका गावातली बहुतेक माणसे, बायकांसकट, उभी केली, तीही याच जातीची. आपल्या तमाशातल्या सोंगाड्यांची ही जुनीच रीत आहे, आणि तिला ‘हमशकल’ म्हणणे म्हणजे त्या मेहनतीकडे दुर्लक्ष करणे होय. एका चेहऱ्याची दोन माणसे करणे वेगळे आणि एका माणसाने दोन चेहरे घडवणे वेगळे.

उलट बाजूने, डबल रोल नसतानाही हमशकल असू शकतात. ‘सिस्टर, सिस्टर’ ही १९९४ मध्ये सुरू झालेली मालिका जन्मतः ताटातूट झालेल्या जुळ्या मुलींची आहे आणि त्या दोन्ही भूमिका टिया आणि टमेरा मौरी या खऱ्या जुळ्या बहिणींनी केल्या. ‘साइनफेल्ड’ या मालिकेच्या १९९६ मधल्या एका भागात तर इलेन या पात्राला आपल्या मित्रांसारखेच दिसणारे, पण स्वभावाने नेमके उलटे, असे तिघे भेटतात आणि ते तिघेही वेगळ्याच नटांनी केले आहेत.

श्रेयनामावलीतही या फरकाशी मोठ्या प्रेमाने खेळलेले आढळते. ‘बिविच्ड’ मालिकेत एलिझाबेथ माँटगोमरी समॅन्था ही सोनेरी केसांची गृहिणी आणि तिची काळ्या केसांची खोडकर चुलतबहीण सेरेना या दोघीही करत असत, पण सेरेनाच्या नावापुढे ‘पॅन्डोरा स्पॉक्स’ असे छापले जाई. भराभर उच्चारले तर त्यातून ‘पॅन्डोराज बॉक्स’, म्हणजे ग्रीक कथेतली संकटांची पेटी, ऐकू येते. ‘फ्रेंड्स’मध्येही १९९६ च्या एका भागात फीबीची मैत्रीण रेचेल ही रस नावाच्या दंतवैद्याबरोबर फिरू लागते. तो अगदी त्यांच्यातल्याच रॉस या मित्रासारखा दिसतो, हे सगळ्या मित्रांना दिसते. फक्त रेचेलला आणि रॉस व रस या दोघांना दिसत नाही. रसचे काम अर्थातच रॉस करणारे डेव्हिड श्विमर यांनीच केले, पण श्रेयनामावलीत नाव आले ‘स्नारो’.

आता तिसरी एक गोष्ट या दोहोंत सतत मिसळली जाते, ती तोतयाची. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या माणसाने हा शब्द मराठीत पक्का केला. ‘गोलमाल’ या १९७९ च्या चित्रपटात अमोल पालेकर यांचा डबल रोल होता, असे कितीतरी जाणकार माणसे आजही सांगतात. तो नव्हता. तिथे रामप्रसाद एकच आहे. मिशा काढून आपण जुळा भाऊ लक्ष्मणप्रसाद असल्याचे तो मालकाला भासवतो. नट एक, पात्रही एक, आणि हमशकल केवळ थापेत. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तल्या सुधा आणि पार्वती याही वेगळ्या बायका नव्हेत, सुधीर आणि परशाच आहेत. आचार्य अत्रे यांच्या १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर यांनी फिरत्या रंगमंचावर एकामागून एक वेष बदलले, म्हणून ते नाटक अनेक भूमिकांचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, पण त्याची सारी गंमत अशी की न्यायालयात उभा असलेला लखोबा लोखंडे ‘तो दुसरा कोणीतरी’ म्हणून हमशकलाचा आधार मागतो आहे आणि साक्षीदार ‘तो हाच’ म्हणून तो आधार काढून घेत आहेत. एकच माणूस असणे हाच तिथला गुन्हा आहे.

या साऱ्याच्या नेमके उलट टोक ‘फुल हाउस’ या १९८७ ते १९९५ पर्यंत चाललेल्या मालिकेत पाहायला मिळते. तान्ह्या मुलांनी चित्रीकरणात किती वेळ काम करावे यावर कॅलिफोर्नियात कायद्याची मर्यादा असल्यामुळे मिशेल या धाकट्या मुलीची एकच भूमिका मेरी-केट आणि ॲशली ऑल्सन या जुळ्या बहिणींनी आलटून पालटून केली. एक दमली की दुसरीला पुढे करायचे. नावेही बरीच वर्षे ‘मेरी-केट ॲशली ऑल्सन’ अशी एकाच मुलीची वाटावीत तशी जोडून छापली गेली. शेवटच्या भागात मिशेल घोड्यावरून पडते आणि तिची स्मृती जाते. मग ती स्मृती दुसऱ्या मिशेलच्या रूपाने तिच्यासमोर येते, आणि इतकी वर्षे एका मुलीच्या नावाखाली आळीपाळीने उभ्या राहिलेल्या दोघी बहिणी त्या भागात एकमेकींच्या समोर बसून बोलतात.