शेडमधील अमोनिया आणि स्वस्त सेन्सर : पार्श्वभूमी

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या शेडमधील हवा मोजण्याची साधने महाराष्ट्रातील सामान्य पोल्ट्रीधारकाच्या आवाक्यात आली ती गेल्या दहा-बारा वर्षांत. त्याआधी ही परीक्षा नाकाने आणि डोळ्यांनीच होत असे. सकाळी शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले की रात्री शेडच्या बाजूचे पडदे जास्त वेळ बंद राहिले, पक्ष्यांखाली अंथरलेले तूस ओले झाले आणि अमोनिया वाढला, असे समजून कामाला लागायचे. रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्या आणि ओलसर करून धरायच्या कागदी पट्ट्या होत्या, परंतु त्या प्रामुख्याने संशोधकांच्या आणि पशुवैद्यकांच्या हाती राहिल्या. शिवाय एक नळी एकाच मोजणीला पुरते. नाकाची मर्यादा याहून गंभीर आहे. रोज त्याच वासात वावरणाऱ्याला तो जाणवेनासा होतो, आणि पक्ष्यांची काळजी ज्याच्यावर सोपवलेली असते त्यालाच धोका सर्वांत उशिरा कळतो.

हे चित्र बदलले ते इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाल्यामुळे. 2005 च्या सुमारास इटलीत तयार झालेला आर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि 2014 मध्ये बाजारात आलेली ईएसपी 8266 ही वाय-फाय चिप यांच्या जोडीला शे-दोनशे रुपयांचा एमक्यू-135 हा वायू सेन्सर आणि तापमान-आर्द्रतेचा डीएचटी 11 मिळू लागला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प याच साहित्यावर उभे राहिले आणि त्याच आराखड्यावर पुढे विक्रीची उपकरणेही निघाली. त्यांपैकी अनेकांत इशाऱ्याचा आकडा एकच दिसतो : 25 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग.

या आकड्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत सुचवलेली अमोनियाची मर्यादा 25 पीपीएमच आहे, आणि ती कामाच्या पाळीतील सरासरीसाठी आहे. पाळी संपली की माणूस मोकळ्या हवेत जातो. पक्षी मात्र सुमारे चाळीस दिवस, चोवीस तास, तुसापासून वीतभर उंचीवर श्वास घेतो. युरोपात 2007 साली झालेल्या नियमाने दर चौरस मीटरला 33 किलोहून अधिक वजनाचे पक्षी ठेवायचे असल्यास अमोनिया 20 पीपीएमच्या आणि कार्बन डायऑक्साइड 3000 पीपीएमच्या आत राहिला पाहिजे, आणि मोजणी पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर झाली पाहिजे, असे बंधन घातले. आपल्याकडे 2009 च्या परिसरातील हवेच्या मानकांत अमोनियाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 400 मायक्रोग्रॅम आहे. 25 पीपीएम म्हणजे सुमारे 17,000 मायक्रोग्रॅम. अर्थात ही मानके शेडच्या आतील हवेसाठी नाहीत, पण दोन आकड्यांतील अंतर पाहिले की 25 ला ‘सुरक्षित’ म्हणणे किती सैल आहे हे लक्षात येते. याच्या विरोधातील युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकेतील 2004 च्या एका प्रयोगात सात आठवड्यांच्या पक्ष्यांचे वजन 50 पीपीएमला सुमारे 6 टक्के आणि 75 पीपीएमला सुमारे 9 टक्के घटलेले आढळले, तेव्हा 25 वर इशारा देणे व्यवहाराला पुरेसे आहे, असे मानणारे आहेत. वजनापुरते ते पटते. डोळ्यांची जळजळ आणि श्वासनलिकेचा दाह मात्र वजनकाट्यावर लगेच उतरत नाही.

मर्यादा 20 असो वा 25, एमक्यू-135 ला तेवढा फरक खात्रीने ओळखता येत नाही, ही खरी अडचण आहे. त्यातील तापवलेला टिन ऑक्साइडचा थर अमोनियाला प्रतिसाद देतो, तसाच अल्कोहोलच्या व बेंझिनच्या वाफांना आणि धुरालाही देतो. आर्द्रता बदलली तरी त्याचे वाचन सरकते. ब्रूडिंगला, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देण्याच्या काळात, कोळशाची शेगडी पेटवली, किंवा बॅच उठल्यावर शेडमध्ये फॉर्मॅलिनची धुरी दिली, की उपकरणावरील आकड्याला अमोनियाचा आकडा म्हणणे चुकीचे ठरते. पहिल्या वापराआधी तो चोवीस तासांहून अधिक काळ तापवावा लागतो आणि वीज जाऊन आली की वाचन स्थिरावायला पुन्हा वेळ जातो. भारनियमनाच्या गावात हे नित्याचे आहे. रासायनिक अभिक्रियेतून निघणाऱ्या विजेवरून वायू मोजणारे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर अधिक विश्वासार्ह असतात, पण ते अनेक पटींनी महाग आहेत आणि सतत अमोनियात राहिले की झिजून निकामी होतात. कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरमध्ये वेगळीच गोम आहे. सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे गृहीत धरून अनेक सेन्सर दर काही दिवसांनी आपल्या मोजणीचा पाया स्वतःच बदलतात. हिवाळ्यात दिवसरात्र पडदे बंद ठेवलेल्या ब्रूडिंगच्या शेडमध्ये ते गृहीतकच कोसळते आणि हवा आहे त्यापेक्षा चांगली दिसू लागते.

म्हणून उपकरण विकताना आकड्यांपेक्षा तपासणीबद्दल बोलले गेले पाहिजे. दर बॅचला निदान एकदा, तुसाजवळच्या उंचीवर, सेन्सरशेजारी काचेची नळी वापरून वाचन पडताळणे आणि जाळीवरची धूळ व पिसांचा भुगा झाडणे, एवढे केले तरी स्वस्त सेन्सर कल दाखवण्याचे काम नीट करू शकतो. पहाटे तीनला आलेख चढू लागला हे कळणे, आकडा नेमका नसला तरी, पडदा हातभर उघडण्यास पुरते.

अलीकडे वातावरण-नियंत्रित शेड वाढल्यापासून वाचने थेट पंख्यांना जोडली जात आहेत आणि त्यांच्या नोंदी दूरच्या सर्व्हरवर साठत आहेत. करार पद्धतीत पिल्ले व खाद्य कंपनीचे, तर शेड, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची असते. मरतूक वाढली की दोष पिल्लांचा की हवेचा, हा वाद जुनाच आहे. आता त्या वादात या नोंदी पुरावा म्हणून पुढे येऊ शकतात. अशा वेळी सेन्सर शेवटचा कधी पडताळला याची तारीख नोंदीसोबत असणे आणि संपूर्ण नोंदीची प्रत शेतकऱ्याकडे राहणे, हे उपकरण बसवण्यापूर्वीच करारात लिहून घ्यायला हवे.