डिफॉल्ट पॅकेजांची निवड (लिनक्स वितरण)

लिनक्स वितरण (म्हणजे लिनक्स ही संगणकप्रणाली आणि तिच्यासोबतची सॉफ्टवेअरे यांचा तयार संच) इन्स्टॉल करताना वापरणाऱ्याने वेगळे काही मागितले नाही, तरी संगणकावर आपोआप काय यावे हे ठरवण्याचे काम. वितरणातली सॉफ्टवेअरे ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यांत बांधलेली असतात आणि त्यांचे भांडार अफाट असते. डेबियन या वितरणाच्या २०२३ मधल्या १२ व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. त्यांतली थोडीच पहिल्या दिवशी डिस्कवर उतरतात, आणि बहुतेक माणसे पुढे त्यांनाच धरून राहतात. म्हणून ही निवड मोलाची.

पूर्वी जागेची अडचण मोठी होती. २००४ मध्ये निघालेल्या उबुंटू या वितरणाला सगळे काही ७०० एमबीच्या एका सीडीत बसवावे लागे. २०१० च्या १०.०४ आवृत्तीतून गिम्प हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर वगळले गेले, कारण ते जागा खात होते आणि साध्या वापरणाऱ्याला अवघडही जात होते. सीडीची मर्यादा २०१२ मध्ये सुटली. तरीही २०२३ मध्ये उबुंटूने कमीत कमी पॅकेजांचे इन्स्टॉलेशनच डिफॉल्ट केले, म्हणजे प्रश्न केवळ जागेचा नव्हता. सवयीही मोजाव्या लागतात: फेडोरा या वितरणाच्या ३३ व्या आवृत्तीत (२०२०) मजकूर लिहिण्याचा डिफॉल्ट संपादक (एडिटर) म्हणून व्हीआयच्या जागी नॅनो आला, कारण नवख्याला व्हीआयमधून बाहेर कसे पडायचे तेच कळत नसे. परवान्याचाही अडसर येतो. मुक्त परवाना नसलेले फर्मवेअर (वाय-फायसारखे हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायचे, हे डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदानाने ठरवले. त्याआधी कित्येक लॅपटॉपांवर इन्स्टॉल करताना वाय-फायच चालत नसे.

डेबियनमध्ये पॅकेजांचे नाते मुख्यतः तीन पातळ्यांवर लिहिलेले असते: ‘अवलंबून’, ‘शिफारस’ आणि ‘सुचवलेले’. पहिल्या दोन पातळ्यांवरची पॅकेजे एपीटी हे पॅकेजे बसवणारे साधन आपणहून आणते, तिसरी आणत नाही. एखाद्या कामाला लागणारी सगळी पॅकेजे एकत्र आणण्यासाठी जवळजवळ रिकामे असे मेटापॅकेज बनवतात, त्यात फक्त इतरांची नावे असतात.

नागपुरात या निवडीचा खरा कस भाषेत लागतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, मराठी आणि हिंदी दोन्ही इथल्या घरात आणि बाजारात बोलल्या जातात, आणि संगणकाचे मेनू मात्र इंग्रजीत ठेवण्याची सवय आहे. अडचण इथेच सुरू होते. डेबियनचा इन्स्टॉलर निवडलेल्या भाषेवरून त्या भाषेचे मेटापॅकेज जोडतो. इंग्रजी निवडले की मराठीचे येत नाही. मग इन्स्क्रिप्टचा (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळरचनेचा) कळफलक असतो, पण लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे मराठी भाषांतर नसते. उच्चारानुसार टाइप करायचे तर आयबस आणि एम१७एन ही टंकलेखनाची साधने लागतात, तेही आपोआप येतीलच असे नाही. त्यातून जागा वाचवायची म्हणून कुणी ‘शिफारस’ पातळी बंद केली, तर नंतर मराठीचे मेटापॅकेज घालूनही फारसे काही हाती लागत नाही, कारण त्यातली बरीच पॅकेजे शिफारस म्हणूनच जोडलेली असतात.

‘वऱ्हाडी’ हा एक शब्द टाइप करून पाहावा. त्यातला ऱ्ह इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून येणाऱ्या ‘ऱ’ ने लिहायचा असतो. साध्या ‘र’ ला हलन्त लावले तर ‘र्ह’ असा रफार उमटतो आणि शब्द बिघडतो. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवता येतात, मात्र मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण दिसते. हिंदी परिच्छेद शेजारी असेल तर त्याची भाषा वेगळी नोंदवावी लागते. म्हणून नागपूरच्या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी पॅकेजे निवडताना मराठी आणि हिंदी अशी दोन्ही भाषांची मेटापॅकेजे, मेनू इंग्रजीत असले तरी, सुरुवातीलाच घालणे हिताचे.

भारतीय भाषा पहिल्यापासून हाताशी असाव्यात या हेतूने सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने डेबियनवर आधारलेले बॉस लिनक्स बनवले. मात्र डीटीपीच्या दुकानांत क्रुतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर कोणत्याही डिफॉल्ट निवडीने आपोआप वाचता येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतांत) बदलून घ्यावा लागतो.