ईसीसी आणि रजिस्टर्ड: जुन्या सर्व्हरची रॅम घेताना होणारी गल्लत

जुन्या सर्व्हरची रॅम वाढवायला निघालात की दोन शब्द जोडीनेच समोर येतात: ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करण्याची सोय असलेली) आणि रजिस्टर्ड (आज्ञा पोचवायला 'रजिस्टर' नावाची मध्यस्थ चिप असलेली). विकणारे ते एका दमात लिहितात, घेणारे एका दमात वाचतात, आणि हळूहळू दोन्ही एकच असल्याची समजूत पक्की होते. माझीही होती. चार स्लॉटच्या एका छोट्या सर्व्हरसाठी मी ८ जीबीच्या चार स्टिक मागवल्या. वर्णनात 'सर्व्हरसाठी, ईसीसी' लिहिलं होतं आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. स्टिक स्लॉटमध्ये अलगद बसल्या, दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन लागल्या. बटण दाबलं, पंखे पूर्ण जोरात फिरू लागले आणि स्क्रीन काळीच राहिली. जुन्या स्टिक परत लावल्या तर मशीन पहिल्यासारखं सुरू. स्टिक उत्तम होत्या, सर्व्हरही उत्तम होता. फक्त त्या स्टिक रजिस्टर्ड होत्या आणि माझ्या प्रोसेसरला रजिस्टर्ड रॅम चालत नव्हती.

या दोन शब्दांमागचे प्रश्नच वेगळे आहेत. रॅममधून परत आलेली माहिती बरोबर आहे का, हा ईसीसीचा प्रश्न. एका मेमरी चॅनेलवर, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या तारांच्या एका वाटेवर, किती स्टिक आणि किती चिप लटकवता येतील, हा रजिस्टरचा. एकाचं उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही.

ईसीसीपासून सुरुवात करू. साध्या स्टिकमधून एका वेळी ६४ बिट ये-जा करतात, ईसीसी स्टिकमधून ७२. जास्तीचे ८ बिट हे तपासणीचे. रिचर्ड हॅमिंग यांनी बेल लॅब्जमध्ये काम करताना १९५० साली जी पद्धत मांडली, तिचंच हे विस्तारलेलं रूप: ७ तपासणी बिटांच्या जोरावर ६४ पैकी नेमका कुठला बिट उलटला ते कळतं आणि तो सुलटा करता येतो, आठव्या बिटामुळे दोन बिट एकदम बिघडले तर निदान ते लक्षात येतं. आणि हे काम स्टिक करत नाही. ती फक्त जास्तीचे ८ बिट साठवते. लिहिताना ते तयार करणं, वाचताना पुन्हा पडताळणं आणि चूक दुरुस्त करणं हे सगळं मेमरी कंट्रोलर करतो, आणि २००९च्या सुमाराला आलेल्या झिऑन ५५०० मालिकेपासून इंटेलच्या सर्व्हरमध्ये तो प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणूनच विनारजिस्टर ईसीसी स्टिक बऱ्याच साध्या डेस्कटॉपमध्येही चालते, पण तिथे तिचे ते ८ बिट कुणी विचारत नाही.

बिट उलटतात तरी का? चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण हे एक कारण १९७८ सालीच इंटेलमधल्या संशोधकांना सापडलं होतं. वैश्विक किरण आहेत, थकलेल्या चिप आहेत, मळलेले संपर्क आहेत. गूगलच्या सर्व्हरवर झालेला २००९ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे: वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये अशा चुका आढळल्या. ज्या मशीनवर तुमच्या फायली वर्षानुवर्षं राहणार आहेत, तिथे ईसीसीवर पाणी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता रजिस्टर. मेमरी कंट्रोलरला प्रत्येक चिपपर्यंत आज्ञा आणि पत्ता पोचवावा लागतो. साध्या स्टिकमध्ये त्या तारा थेट सगळ्या चिपना जोडलेल्या असतात. एका स्टिकवर १८ चिप धरल्या तर तीन स्टिकच्या ५४ चिपांचा विद्युतभार एकट्या कंट्रोलरवर येतो आणि सिग्नल ढासळू लागतो. रजिस्टर्ड स्टिकवर मधोमध एक वेगळी चिप असते. ती मुकादमासारखी काम करते: कंट्रोलर फक्त तिला सांगतो, पुढे आपल्या स्टिकवरच्या चिपांना ती सांगते. डेटाच्या तारा मात्र थेटच राहतात. या मध्यस्थीसाठी घड्याळाचा एक ठोका जास्त जातो. १३३३ वेगाच्या रॅममध्ये तो साधारण दीड नॅनोसेकंद. रोजच्या कामात तो जाणवत नाही.

मग हे दोन शब्द एकत्र का येतात? कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांच्या काळातली रजिस्टर्ड स्टिक जवळजवळ नेहमी ईसीसी असतेच. पण ईसीसी स्टिक रजिस्टर्ड असेलच असं नाही, आणि माझी फसगत नेमकी इथेच झाली.

कुठली चालेल हे स्लॉट पाहून ठरवता येत नाही. डीडीआर३मध्ये दोन्हींना २४० पिना, डीडीआर४मध्ये २८८, आणि खाच दोन्हींची एकाच जागी. म्हणून चुकीची स्टिकही बिनतक्रार बसते. (डीडीआर५मध्ये खाचेची जागा वेगळी केली आहे, फार बरं झालं.) ठरवतो तो प्रोसेसर आणि बोर्ड. झिऑन ई३-१२०० मालिकेला विनारजिस्टर रॅमच लागते. झिऑन ई५-२६०० मालिकेचे दोन सॉकेटवाले सर्व्हर मुख्यतः रजिस्टर्ड रॅमवर चालतात. झिऑन ५५०० आणि ५६०० दोन्ही प्रकार घेतात, पण एका वेळी एकच. दोन्ही प्रकार मिसळू नका. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून रॅमचं पान वाचायला दहा मिनिटं लागतात, ती द्याच.

स्टिक हातात आली की लेबल वाचायचं. डीडीआर३च्या लेबलवर 'पीसी३एल-१२८००आर' असं काहीतरी छापलेलं असतं. डॅशनंतरच्या आकड्यांना चिकटून आलेलं अक्षर कामाचं: 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, 'ई' म्हणजे विनारजिस्टर ईसीसी, 'यू' म्हणजे दोन्हींपैकी काहीच नाही, 'एल' म्हणजे लोड-रिड्यूस्ड, जिच्यात डेटाच्या तारांनाही मध्यस्थ असतो. तीननंतरचा पहिला 'एल' मात्र वेगळा, तो १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या स्टिकचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची. त्याच ओळीत पुढे 'ई२' किंवा 'ई१' दिसेल. त्याचा ईसीसीशी काही संबंध नाही, तरी त्यावर विसंबून चुकीची स्टिक उचलली जाते. डीडीआर४मध्ये '२१३३पी-आरए०' अशी रचना असते, तिथे वेगाच्या गटानंतर येणाऱ्या जोडाचं पहिलं अक्षर पाहायचं. लेबल फाटलं असेल तर चिप मोजा: एका बाजूला आठ असतील तर बहुधा साधी, नऊ असतील तर ईसीसी, आणि मधोमध वेगळ्या आकाराची ठसठशीत चिप असेल तर रजिस्टर्ड. काठाजवळची इवलीशी चिप सगळ्यांनाच असते, तिला रजिस्टर समजू नका.

जुन्या बाजारात रजिस्टर्ड रॅम भरपूर आणि स्वस्त मिळते, कारण मोठी डेटा सेंटर सर्व्हर बदलतात तेव्हा तीच ढिगाने बाहेर पडते आणि घरच्या मशीनला तिचा उपयोग नसतो. विनारजिस्टर ईसीसी शोधावी लागते. स्वस्त दिसली म्हणून 'आर' उचलायचा मोह होतो, तेव्हा प्रोसेसर आठवा.

बाकीचं थोडक्यात. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक लावल्या तर सगळ्या सर्वांत मंद स्टिकच्या चालीने चालतात. चॅनेलवर गर्दी केली तरी वेग उतरतो. झिऑन ५५०० मालिकेत प्रत्येक चॅनेलवर तीन स्टिक झाल्या की तो ८००वर येतो. दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर त्याच्या वाट्याचे स्लॉट मृत असतात.

स्टिक बसवल्यावर लिनक्समध्ये डीएमआयडीकोड (मशीनच्या भागांची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवून मेमरीचा भाग पाहा. एकूण रुंदी ७२ बिट आणि डेटाची ६४ दिसली म्हणजे जास्तीचे बिट मशीनला दिसत आहेत. मग एक रात्र मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू द्या. त्यानंतर कधीतरी सर्व्हरच्या लॉगवर नजर टाकत राहा. शेवटी मी 'ई' अक्षराच्या चार स्टिक मिळवून लावल्या, आणि काही महिन्यांनी लॉगमध्ये एकाच स्लॉटच्या नावाने दुरुस्त केलेल्या चुकांच्या ओळी वाढू लागल्या. मशीन बंद पडलं नव्हतं, एकही फाईल बिघडली नव्हती. ती स्टिक शेजारच्या स्लॉटमध्ये हलवली, तर ओळीही तिच्यामागोमाग त्या स्लॉटच्या नावाने येऊ लागल्या. म्हणजे दोष स्लॉटचा नव्हता, स्टिकचा होता. त्याच आठवड्यात ती बदलली.